लॉकरमध्ये ठेवलेला पेनड्राइव्ह बिघडतो कसा?

दादरच्या एका निवृत्त शिक्षकांचा प्रश्न आहे. मुलीच्या लग्नाचे, २०१७ सालचे फोटो फोटोग्राफरने पेनड्राइव्हमध्ये दिले. घरच्यांनी दोन-तीनदा पाहिले आणि पेनड्राइव्ह बँकेच्या लॉकरमध्ये दागिन्यांशेजारी गेला. परवा काढून लावला तर कॉम्प्युटर म्हणतो, ‘फॉरमॅट करा’. सर विचारतात, ‘पडला नाही, भिजला नाही, कुणी हात लावला नाही. मग न वापरता खराब कसा झाला? शेजाऱ्यांच्या बंद पडलेल्या हार्डडिस्कमधून सगळं परत मिळालं. यातून मिळेल की नाही, हे नक्की कुणीच का सांगत नाही?’

सर, आधी एवढंच करा: त्या ‘फॉरमॅट’ला होय म्हणू नका आणि पेनड्राइव्ह पुन्हा पुन्हा लावून बघू नका. बाकी सावकाश सांगतो.

मी २२ वर्षं लॅमिंग्टन रोडला डेटा काढून द्यायचं काम करतो. (पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण टॅक्सीवाल्याला ते नाव सांगून बघा.) ‘न वापरता खराब कसा झाला’ हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. लोकांच्या डोक्यात पेनड्राइव्ह म्हणजे कॅसेट किंवा वही असते: एकदा लिहिलं की कपाटात पडून राहिलं तरी तसंच राहणार. पण आत शाई नाही, लोहचुंबकही नाही. आत कोंडून ठेवलेली वीज आहे, आणि ती हळूहळू झिरपते.

पेनड्राइव्हमधल्या माहिती साठवणाऱ्या चिपला फ्लॅश म्हणतात. तिचा सगळ्यात लहान घटक म्हणजे सेल. हा एक ट्रान्झिस्टरच, म्हणजे विजेचा नळ. फरक असा की या नळाच्या तोटीखाली एक छोटी कोठडी आहे आणि तिला सगळ्या बाजूंनी न वाहणाऱ्या थराच्या भिंती आहेत. या कोठडीत इलेक्ट्रॉन भरले की नळ उघडायला जास्त जोर लागतो. कोठडी रिकामी असली की थोडक्यात उघडतो. वाचताना कंट्रोलर, म्हणजे फ्लॅशचा सगळा कारभार बघणारी शेजारची चिप, एक ठरावीक व्होल्टेज लावून बघतो. नळ वाहिला तर १, नाही वाहिला तर ०. हो, रिकामी कोठडी म्हणजे १. नवशिके इथे हमखास गोंधळतात. कोरी चिप वाचली की सगळीकडे १-च-१ दिसतात.

भिंती न वाहणाऱ्या असतील तर इलेक्ट्रॉन आत शिरतात कसे? एका बाजूची भिंत मुद्दाम पातळ ठेवलेली असते, ७ ते १० नॅनोमीटरची. आपल्या केसाच्या जाडीच्या दहा हजारांश वगैरे. तिच्यावर २० व्होल्टच्या आसपास दाब टाकला की इलेक्ट्रॉन तिच्यातून पार होतात. भोक पडत नाही, दार उघडत नाही. हा क्वांटम भौतिकीचा प्रकार आहे आणि त्याला टनेलिंग म्हणतात. यूएसबीतून ५ व्होल्टच मिळतात, म्हणून २० व्होल्ट तयार करणारा छोटा पंप चिपमध्येच बसवलेला असतो. दाब काढला की इलेक्ट्रॉन आत अडकले. वीज बंद केली तरी फाइल राहते ती याच्यामुळे. ही तरंगती कोठडी डॉन कांग आणि सायमन झी यांनी १९६७ मध्ये बेल लॅब्जमध्ये मांडली. हल्लीच्या बऱ्याचशा चिपांत कोठडीऐवजी नायट्राइडचा थर असतो आणि इलेक्ट्रॉन त्यातच चिकटून बसतात, पण तत्त्व तेच.

आता भिंत पातळ आहे म्हणजे ती दोन्ही बाजूंनी पातळ आहे. जे आत गेलं ते कधीतरी बाहेर येणार. एकेक इलेक्ट्रॉन, वर्षानुवर्षं. शिवाय दर वेळी लिहिताना-पुसताना त्या भिंतीला थोडी इजा होते, तिच्यात दोष साचत जातात, आणि जुन्या इमारतीच्या गच्चीसारखी ती जास्त गळायला लागते. उष्णतेने गळती आणखी वाढते. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर पडलेला पेनड्राइव्ह आणि थंड खोलीतला पेनड्राइव्ह यांचं वय सारखं धरू नका.

एवढ्यावर भागलं असतं तर अडचण नव्हती. पूर्वी एका सेलमध्ये एकच बिट (म्हणजे एक ० किंवा १) ठेवायचे, त्याला एसएलसी म्हणतात. कोठडी भरलेली की रिकामी, एवढंच ओळखायचं. अर्धी गळाली तरी ‘भरलेली’च दिसायची. मग जागा स्वस्त करायची म्हणून एका सेलमध्ये दोन बिट आले, मग तीन, आता चार. तीन बिटांसाठी कोठडीत ८ वेगवेगळ्या पातळ्या ओळखाव्या लागतात, चार बिटांसाठी १६. एक उदाहरण देतो. घरातलं पिंप भरलेलं आहे की रिकामं हे लांबूनही कळतं. पण पिंपाच्या आत १५ रेघा मारल्या आणि पाणी नववीच्या वर आहे की खाली हे विचारलं, तर वाटीभर पाणी उडून गेलं तरी उत्तर चुकतं. झीज सोसण्याची ताकदही तशीच घसरत गेली. एसएलसी सेल लाखभर वेळा लिहून-पुसून झेलायचा. तीन बिटांचा टीएलसी साधारण १००० ते ३०००. चार बिटांचा क्यूएलसी शेकड्यांत ते हजारापर्यंत.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरचा महिनाभर आमच्या टेबलावर चिखलाने भरलेल्या हार्डडिस्क होत्या. त्यांत थोडे पेनड्राइव्हही होते, १२८ आणि २५६ एमबीचे. बोर्ड धुतला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारला, दोन दिवस सुकवला, आणि लावला की चालू. त्या दिवसांत माझंच मत झालं होतं की पेनड्राइव्ह म्हणजे अमर वस्तू. ते मत नंतर गिऱ्हाइकांनीच बदलायला लावलं. पाण्याने सेलचं काही बिघडत नाही, हे आजही खरं आहे. पण तेव्हाच्या त्या जाड सेलांची टिकाऊ जात आज मोफत वाटायच्या ६४ जीबी पेनड्राइव्हमध्ये मिळणार नाही. वरती ब्रँड काय छापलाय यावरून आतल्या चिपची प्रत कळत नाही. समारंभात वाटायला घाऊक भावात घेतलेले पेनड्राइव्ह उघडले की आत एसएसडीसाठी (हार्डडिस्कच्या जागी बसणाऱ्या, फ्लॅशच्या डिस्कसाठी) नापास झालेल्या चिपाही सापडतात.

हे झालं गळतीचं. पण सर, तुमचा पेनड्राइव्ह ‘फॉरमॅट करा’ म्हणतोय तो सगळे फोटो झिरपून गेले म्हणून नसावा. फोटो बहुतेक आतच आहेत. हरवलाय तो कुठे काय ठेवलंय याचा हिशोब. ही भानगड कळायला पुसणं कसं चालतं ते बघावं लागेल.

‘फ्लॅश’ हे नावच मुळात पुसण्यावरून पडलंय. त्याआधी ईप्रॉम नावाच्या चिपा असत, काचेची खिडकी असलेल्या. त्या पुसायला अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवायच्या. मी कामाला लागलो तेव्हा आमच्या मालकांकडे तसा डबा होता, आणि खिडकीवर स्टिकर लावायला विसरलं तर ओरडा बसायचा. तोशिबातले फुजिओ मासुओका यांनी विजेनेच एका दणक्यात मोठा भाग पुसणारी चिप केली, १९८४ मध्ये ती जगापुढे मांडली. सगळं एकदम पुसलं जाताना कॅमेऱ्याच्या फ्लॅशची आठवण होते, असं त्यांचे सहकारी आरिइझुमी म्हणाले आणि नाव पडलं. आपण आज पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड, एसएसडीत वापरतो तो नँड प्रकार त्यांनीच १९८७ मध्ये मांडला. त्यात सेल माळेसारखे एकामागे एक ओवलेले असतात, त्यामुळे जागा वाचते.

‘एकदम’ या शब्दातच सगळी गोम आहे. एकेक सेल सुटा पुसता येत नाही.

मुंबईकराला हे चाळीवरून सांगितलं की पटकन कळतं. फ्लॅशमधलं एक पान म्हणजे चाळीतली एक खोली. साधारण १६ केबीची. शेकडो ते हजारावर अशा खोल्यांची मिळून एक इमारत, तिला ब्लॉक म्हणतात. नियम असा: बिऱ्हाड फक्त कोऱ्या खोलीत घालता येतं. राहत्या खोलीत भिंत हलवायची, ओटा सरकवायचा, असली कामं बंद. आणि खोली कोरी करायची तर एकटी खोली होत नाही, अख्खी इमारत खाली करून पाडायची आणि नव्याने बांधायची. म्हणजे रीडेव्हलपमेंटच.

मग तुम्ही एखाद्या फाइलमध्ये एक शब्द बदललात तर? कंट्रोलर ते बिऱ्हाड दुसऱ्या कुठल्यातरी कोऱ्या खोलीत नेतो, जुन्या खोलीवर ‘रद्द’ अशी खूण करतो आणि आपल्या पत्त्यांच्या वहीत नवा पत्ता टाकतो. अशा रद्द खोल्या साचल्या की एखादी इमारत निवडतो, तिच्यात उरलेली खरी बिऱ्हाडं दुसरीकडे हलवतो आणि इमारत पाडतो. ही बिऱ्हाडं कुठे हलवणार? त्यासाठी संक्रमण शिबिर लागतं, म्हणून कारखानदार थोडी जागा तुम्हाला न दाखवता राखून ठेवतो. हे काम मागे सतत चालू असतं. कुठली इमारत किती वेळा पाडली याचा हिशोबही कंट्रोलर ठेवतो, म्हणजे एकाच इमारतीवर सगळी झीज येऊ नये. तुम्ही १ एमबी लिहिलं तरी आत त्याहून जास्त लिखाण होतं ते या हलवाहलवीमुळे. आणि ठासून भरलेली एसएसडी रखडते तीही याच्याचमुळे: हलवायला कोरी खोलीच नाही. १० ते २० टक्के जागा मोकळी सोडा असं मी सगळ्यांना सांगतो.

आता वही. तुमचा फोटो क्रमांक ५१२ ‘पहिल्या मजल्यावर बारावी खोली’ इथे आहे असं कॉम्प्युटरला वाटतं. प्रत्यक्षात तो कुठल्या इमारतीत, कुठल्या खोलीत आहे हे फक्त कंट्रोलरच्या वहीत असतं, आणि पत्ता रोज बदलू शकतो. ही वही ठेवलेली असते कुठे? त्याच फ्लॅशमध्ये, त्याच गळक्या कोठड्यांत. कंट्रोलरचा स्वतःचा कार्यक्रमही बहुधा तिथेच. फोटोंच्या पानांत चार बिट चुकले तर चूक दुरुस्त करणारा कोड ते सांभाळून घेतो. प्रत्येक पानाशेजारी त्यासाठी जादा जागा असते. पण वहीचं पान त्या कोडच्या ताकदीपलीकडे बिघडलं की सेक्रेटरीला, म्हणजे कंट्रोलरला, सोसायटीच ओळखू येईनाशी होते. कधी कॉम्प्युटर क्षमता ‘० बाइट’ दाखवतो, कधी ‘डिस्क घाला’ म्हणतो, कधी पेनड्राइव्हचं नाव बदलून कंट्रोलर बनवणाऱ्याचं नाव दिसतं. यातला कुठलाही प्रकार दिसला की मी वहीवरच संशय घेतो. नुसतं ‘फॉरमॅट करा’ येत असेल आणि क्षमता बरोबर दिसत असेल तर उलट आशा जास्त: कंट्रोलर जिवंत आहे, फाइलींची अनुक्रमणिका तेवढी बिघडलीय.

शेजाऱ्यांच्या हार्डडिस्कचं गणित यामुळेच वेगळं. तिच्यात तबकडी फिरते, माहिती चुंबकाच्या रूपात एका ठरलेल्या जागी बसते आणि तिथेच राहते. मोटर गेली, हेड गेलं, बोर्ड जळला, तरी तबकडीवर खरवड नसेल तर भाग बदलून क्रमाने वाचता येतं. फ्लॅशमध्ये क्रम असा नसतोच.

टेबलावर काय होतं तेही सांगतो. पेनड्राइव्हचं कवच प्लास्टिकच्या पातीने उकलतो. आत करंगळीएवढा हिरवा बोर्ड. एका टोकाला यूएसबीचं धातूचं तोंड, मध्ये चौकोनी कंट्रोलर, शेजारी चकचकीत क्रिस्टल, आणि मागे दोन्ही कडांना मिळून ४८ पाय असलेली लांबट काळी चिप. ती फ्लॅश. आधी भिंगाखाली तोंडाचे चार टाके बघतो. पेनड्राइव्ह लावलेला असताना कुणाचा तरी गुडघा लागतो, टाके उचकटतात, ड्राय सोल्डर होतं. हे निघालं तर दहा मिनिटांचं काम, चहा येईपर्यंत फोटो हातात. नाही निघालं तर हॉट एअरने काळी चिप उतरवायची, पाय साफ करायचे, रीडरच्या सॉकेटमध्ये बसवायची आणि सगळी पानं जशीच्या तशी वाचून घ्यायची. त्याला काही तास लागतात. हातात येतो तो निव्वळ काला: इमारती उलटसुलट, जुन्या-नव्या खोल्या एकत्र. वर कंट्रोलरने लिहिण्याआधी सगळं मुद्दाम विस्कटलेलं असतं. एकसारखे आकडे शेजारी आले की सेल एकमेकांना त्रास देतात, म्हणून तो आधी ते मिसळून घेतो. कुठल्या जातीचा कंट्रोलर कसा मिसळतो हे माहीत असेल तर उलट फिरवता येतं, मग रद्द खोल्या बाजूला काढून वही पुन्हा मांडायची. जी पानं गळतीमुळे वाचता येत नाहीत त्यांच्यासाठी पिंपातली रेघ थोडी खाली सरकवून परत वाचतो. खाली, कारण पाणी खाली गेलेलं असतं. दहा-दहा वेळा वाचून एखादं पान जुळतं. पुष्कळदा जुळतं, कधी नाही जुळत, आणि मग फोटोचा अर्धा भाग राखाडी पट्टा होऊन येतो. नवरीचा चेहरा पट्ट्यात गेला की गिऱ्हाइकाला दाखवताना मलाच कसंसं होतं.

काही पेनड्राइव्हमध्ये आणि सगळ्याच मायक्रोएसडी कार्डांत कंट्रोलर आणि फ्लॅश एकाच काळ्या वडीत ओतलेले असतात. तिथे वरचा लेप खरवडून, केसासारख्या तारा टाकून वाचावं लागतं. होतं, पण वेळ आणि पैसा दोन्ही जास्त.

एसएसडीचं दुखणं वेगळं, आणि इथे लोक फसतात. विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून, फाइल डिलीट केली की विंडोज एसएसडीला कळवते, ‘या खोल्या आता लागत नाहीत.’ त्या आज्ञेला ट्रिम म्हणतात. कंट्रोलर त्या वहीतून काढतो आणि सवडीने इमारत पाडतो. त्यामुळे हार्डडिस्कवर चुकून उडवलेली फाइल आठवड्याने मिळते, एसएसडीवर बहुतेक वेळा तासाभरानेही मिळत नाही. साध्या पेनड्राइव्हला सहसा ट्रिम पोचत नाही, म्हणून तिथे उडवलेलं परत आणायला वाव असतो. आणि बऱ्याचशा नव्या एसएसडीत कंट्रोलर सगळं कुलूपबंद करूनच लिहितो. त्याची किल्ली त्याच्याजवळच. कंट्रोलर मेला तर चिप उतरवून हाती येतो तो कचरा.

लोक मात्र घाबरतात झिजण्याला. १ टीबीच्या टीएलसी एसएसडीवर ६०० टीबी लिखाणाची हमी सर्रास दिसते. रोज ३० जीबी लिहिलं तर वर्षाला ११ टीबी. पन्नास वर्षं पुरेल. घरगुती वापरात झिजून मेलेली एसएसडी मी क्वचितच पाहिली. मेलेल्या दिसतात त्या वही लिहिता लिहिता वीज गेल्याने. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची लाईट गेली होती, आठवत असेल. लॉकडाऊनमुळे निम्मं शहर घरून काम करत होतं. त्या आठवड्यात माझ्याकडे बिनयूपीएसच्या डेस्कटॉपमधल्या तीन एसएसडी आल्या, तिन्हींची तक्रार एकच: बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या यादीत, दिसतच नाही. लॅपटॉपवाले बॅटरीमुळे सुटले.

स्टेशनबाहेर चारशे रुपयांत मिळणाऱ्या ‘२ टीबी’ पेनड्राइव्हबद्दलही लोक विचारतात. तिथे वहीच खोटी असते. आत ३२ जीबी, आणि सेक्रेटरी एकच खोली पन्नास-साठ जणांना विकतो. पहिले ३२ जीबी छान जातं, पुढचं जुन्यावरच लिहिलं जातं किंवा हवेत जातं. नावं दिसतात, फाइली उघडत नाहीत. नवीन घेतल्यावर एच-टू-टेस्ट-डब्ल्यूसारख्या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून वाचून बघा. ६४ जीबीचा ५९ दिसतो ती मात्र फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, विंडोज १०२४ च्या.

न वापरता किती टिकेल, याला एक मापदंड आहे. जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे घरगुती एसएसडीने आपलं पूर्ण आयुष्य लिहून संपवल्यावरही ३० अंशांत, वीज न देता, १ वर्ष माहिती धरली पाहिजे. सर्व्हरच्या एसएसडीला ४० अंशांत ३ महिने. हे झिजलेल्या मालाचं किमान आहे, कोरा माल कितीतरी जास्त धरतो. पण पेनड्राइव्हच्या पाकिटावर असं काही लिहिलेलं तुम्ही पाहिलंय? आणि मुंबईतलं कपाट वर्षातले किती महिने ३० अंशांखाली असतं? अनेकजण सांगतात, सहा महिन्यांनी एकदा लावून काढा म्हणजे ताजा राहतो. साध्या पेनड्राइव्हच्या बाबतीत यावर विसंबू नका. नुसता लावल्याने कोठड्या पुन्हा भरत नाहीत. सगळं कॉम्प्युटरवर काढून, पुसून, परत लिहिलं तरच भरतात.

तर सर, आता असं करा. पेनड्राइव्ह कागदी पाकिटात घाला, वर तारीख आणि ‘फॉरमॅट करू नये’ लिहा. एखाद्या जाणकाराने ‘आधी पूर्ण इमेज काढतो, मग त्या इमेजवर काम करतो’ असं स्वतःहून सांगितलं तरच त्याच्या हाती द्या. (इमेज म्हणजे आतल्या सगळ्याची जशीच्या तशी नक्कल.) मूळ पेनड्राइव्हवरच रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवून बघणारा नको. फोटो मिळाले की दोन प्रती करा, त्यांतली एक फिरणाऱ्या हार्डडिस्कवर, आणि ती लॉकरमध्ये ठेवली तरी वर्षातून एकदा काढून फोटो उघडून बघा.

पण या सगळ्याच्या आधी त्या फोटोग्राफरला फोन लावा. लग्नाचं काम करणारे बरेचजण जुन्या ऑर्डरी हार्डडिस्कवर वर्षानुवर्षं ठेवतात, पत्रिकेवरची तारीख सांगितली की फोल्डर सापडतं. मागच्या दिवाळीत गिरगावातल्या एका आजींचं काम असंच झालं. मी चिप उतरवायला हॉट एअर तापत ठेवलं होतं, तेवढ्यात त्यांच्या नातवाला फोटोग्राफरचा उलट फोन आला.